मालूताईची हजेरी

शाळेच्या मेळाव्यात मालूताई कोणाच्या सांगण्यावरून उठून उभी राहिली, या एकाच प्रश्नाचे उत्तर मला या प्रकरणात द्यायचे आहे. प्रश्न लहान आहे आणि आमच्या घराबाहेर तो कोणाला पडण्याचे कारणही नव्हते. परंतु यंदा आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी एक पुस्तिका काढण्याचे ठरवले. कोण कोठे असतो, काय करतो, निवृत्त झाला असल्यास वेळ कसा घालवतो, हे प्रत्येकाने तीन ओळींत कळवायचे होते, आणि मजकूर तपासण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. दुसऱ्याचे लिहिलेले तपासणे ही माझी सवय आहे. एकाने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आपला टॉवेलचा कारखाना असल्याचे कळवले आणि मुलगा तो चालवतो, आपण नुसते गेटजवळ बसतो, असेही प्रामाणिकपणे जोडले. एकीने पुण्यात नातवंडे सांभाळते असे लिहून पुढे कंसात ‘पूर्णवेळ’ असा शब्द घातला. पण या मजकुरांत एक गोष्ट वारंवार येत होती. आम्हाला मालतीबाईंनी गणित शिकवले, आणि मालतीबाई शिक्षिका झाल्या त्या अमक्यामुळे. हा अमका प्रत्येकाचा वेगळा होता. कोणी म्हणे हेडसरांमुळे, कोणी म्हणे वडिलांनी खूण केली म्हणून, आणि एकाने तर सगळे आधीच ठरले होते, मेळाव्यात केवळ देखावा झाला, असे लिहिले. मालतीबाई ही माझी थोरली बहीण. ती उठली तेव्हा मी तिच्यापासून एका माणसाच्या अंतरावर बसले होते.

आमचे घर दोन खोल्यांचे होते आणि मागच्या खोलीची भिंत शेजारच्या यंत्रमागाच्या शेडला लागून होती. शेजारी तेलुगू कुटुंब होते. त्यांच्या घरातली सगळी माणसे पाळीपाळीने मागावर असत. खटखट सकाळी सुरू होई ती जेवणाच्या वेळी थोडी थांबे आणि पुन्हा लागे. त्या भिंतीवर टांगलेले कॅलेंडर सतत बारीक हलत असे. आम्ही सगळे मोठ्याने बोलायला शिकलो ते त्यामुळे; बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना वाटे, या घरात भांडण चालले आहे. वीज गेली की माग एकदम थांबत, आणि आपलाच आवाज आपल्याला नको इतका ऐकू येई. वडील गिरणीत कारकून होते. ते बोलत कमी, पण ठरवलेली गोष्ट सोडत नसत. आई पहाटे भाकऱ्या थापायची, आणि मालूताई भिंतीला पाठ लावून, मांडीवर पाटी घेऊन मला गणित शिकवायची. आवाजामुळे तोंडाने समजावणे अवघड जाई, म्हणून ती बोलतच नसे. पायरी लिहायची, माझ्याकडे पाहायची, मी मान हलवली की पुढची पायरी लिहायची. मान उगाच हलवली तर तिला लगेच कळे. पुढे अनेक वर्षे वर्गात उभी राहिल्यावर मला समजले की मुलांच्या चेहऱ्याकडे पाहत फळ्यावर लिहिणे फार थोड्या शिक्षकांना जमते.

ती शाळेत पहिली येई. बी.एस्सी.लाही तिला चांगले गुण मिळाले आणि निकाल लागला त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. सासर मंद्रूपचे. भावजींची शेती होती आणि बाजारपेठेत खताचे दुकान. माणसे चांगली होती, हे मी आधीच सांगून ठेवते. कारण अशा हकिकतीत वाचक सासरच्या माणसांकडे संशयाने पाहू लागतो. लग्नात रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले. ते सुमन होते. त्या दिवसापासून मंद्रूपात ती सुमन झाली. आमच्या घरी ती मालूच होती, पण सासरचे कोणी समोर असले की आईसुद्धा सांभाळून ‘सुमन’ म्हणे. दिलेले नाव बाजूला ठेवून जुन्या नावाला ओ देणे म्हणजे त्या तांदळाचा अपमान, असे मानणारा तो काळ होता. आज माझ्या भाच्यांना हे सांगितले तर त्या हसतात. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसत नव्हते.

मी दहावीत असताना संक्रांत झाल्यावर ताई आमच्याकडे राहायला आली. सोबत तिची लहान मुलगी छकुली होती आणि सासूबाई होत्या. त्यांचे नाव शेवंताबाई, मी त्यांना मावशी म्हणत असे. मावशींच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता, म्हणून सगळ्यांचा मुक्काम सोलापुरात. येताना त्यांनी फडक्यात बांधून हुरडा आणला होता, उखळात कुटलेली तेलकट लाल शेंगाचटणी आणि ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चवड आणली होती. आई म्हणाली, इतके कशाला आणायचे. त्यावर मावशी म्हणाल्या की शहरात मानसं मोजून जेवत्यात असं ऐकलंय, म्हनून आपलं आपन आनलं. आईला हसावे की रागवावे ते कळेना. ऑपरेशन झाले, डोळ्यावर हिरवी पट्टी आली, आणि मावशी आमच्या मागच्या खोलीत खाटेवर बसून राहिल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तक्रार केली की तुमची भिंत रात्रंदिवस बडबडते आणि मला एक शब्द कळत नाही.

त्या वर्षी आमच्या वर्गाला गणिताचे शिक्षक नव्हते. दिवाळीनंतर सरांची दुसऱ्या गावच्या शाखेत बदली झाली होती आणि त्यांच्या तासाला आम्ही चित्रकला करत होतो. मी हे ताईला सांगितले तेव्हा ती छकुलीला भरवत होती. दुपारी मी शाळेतून आले तर माझे पुस्तक खाटेवर उलटे पडलेले होते आणि भूमितीची प्रमेये जुन्या पाटीवर सोडवलेली होती. आईने ते पाहिले. ती एवढेच म्हणाली की तू चार दिवसांची पाहुणी, आता गणितं कशाला घेऊन बसतेस. ताईने पाटी पुसली. पुसताना ती शेवटच्या ओळीवर क्षणभर थांबली, हे मी पाहिले. मी त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही, आणि आता लावला तर तो आजच्या शहाणपणाने लावलेला असेल, म्हणून नुसते नोंदवते.

त्याच आठवड्यात हेडसरांनी मला व्हरांड्यात थांबवून विचारले की मालती गावात आहे असे ऐकतो, ते खरे का. मी हो म्हटले. ते म्हणाले, “रविवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. तिला ये म्हणावं.” त्यांनी याहून एक शब्दही अधिक उच्चारला नाही. मी घरी निरोप दिला. वडील तेव्हा सायकलची साखळी बसवत होते. त्यांनी हात थांबवले आणि ताईकडे न पाहता मावशींना विचारले की मुलीला मेळाव्याला पाठवावे का. मावशींनी विचारले, तिथे जेवण असते का. असते, असे वडिलांनी सांगितले. मग मावशी म्हणाल्या, “मंग मीबी येते की. हितं बसून भिंतीचं काय ऐकू?” वडिलांनी मात्र यायचे नाकारले. दिलेल्या मुलीच्या घरात आपण तोंड घालायचे नाही, आपण तिथे दिसलो तर उद्या कोणी म्हणेल बापानेच तिला पुढे केले, असे ते रात्री आईजवळ म्हणाले. आता वडिलांनी मेळाव्यात खूण केली असे ज्यांनी लिहिले आहे, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे: वडील त्या रविवारी घरीच होते आणि खाटेची नवार आवळत होते.

आमच्या शाळेच्या मेळाव्यात एक रीत होती, तशी मी पुढे कोठेही पाहिली नाही. भाषणे नसत. हेडसर टेबलाशी उभे राहून जुने कॅटलॉग उघडत आणि वर्गात घ्यावी तशी हजेरी घेत. नाव पुकारले की माणसाने उभे राहून ‘हजर’ म्हणायचे. सर चष्म्यावरून पाहत विचारत, ‘सध्या?’, आणि त्याने सध्या काय करतो ते एका वाक्यात सांगायचे. पोट सुटलेली, केस पिकलेली माणसे शाळकरी पोरांसारखी ताठ उभी राहत. नाव दोनदा पुकारले जाई. दोनदा उत्तर आले नाही तर सर ‘गैरहजर’ म्हणून पुढे जात. तिसऱ्यांदा त्यांनी कोणालाही हाक मारलेली मला आठवत नाही, आणि मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांनाही आठवत नाही.

पुरुष उजवीकडे खुर्च्यांवर आणि बायका डावीकडे सतरंजीवर, अशी बैठक होती. ताई भिंतीकडून बसली, तिच्या डाव्या बाजूला मावशी आणि मावशींच्या पलीकडे मी, मांडीवर छकुली. सरांचा आवाज सुरू झाला. एक गृहस्थ उठून बँकेत शाखाधिकारी आहे म्हणाले, तर सरांनी विचारले की बँकेत तरी वेळेवर पोचतोस का, आणि मागून कोणीतरी म्हणाले की सर, तो उशिरा येतो म्हणूनच बँक उशिरा उघडते. एक जण एस.टी.त वाहक होता. त्याने सांगितले, “सर, मी आता वर्गाबाहेर उभा राहण्याचे पैसे घेतो.” सगळे हसले. मुलींच्या नावांशी आले की हसणे थांबे. नाव पुकारले जाई, सतरंजीवर शांतता होई, आणि खुर्च्यांमधून कोणाचा तरी भाऊ उठून सांगे की ती लग्न होऊन लातूरला असते, किंवा ती विजापूरला दिली. कधी ती मुलगी समोर सतरंजीवरच बसलेली असे. तीही ऐकत असे आपण कोठे असतो ते. सर ‘बरं’ म्हणत आणि पुढचे नाव घेत. यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. मलाही वाटले नाही.

मग सरांनी ‘मालती गोविंद’ असे नाव पुकारले. आम्हाला भाऊ नव्हता आणि वडील आले नव्हते, त्यामुळे खुर्च्यांमधून कोणी उठण्याचा प्रश्न नव्हता. ताईने मान खाली घातली. सासू शेजारी बसलेली आणि ती त्या घरची सुमन. तिने मालती म्हणून कसे उठावे? सरांनी थोडा वेळ थांबून दुसऱ्यांदा नाव घेतले. आता ‘गैरहजर’ हा शब्द येणार हे मला ठाऊक होते, ताईलाही ठाऊक होते. ते नाव एकदा मागे पडले की ती पाहुणी म्हणून मंद्रूपला परत जाणार होती आणि आमच्या गणिताच्या तासाला चित्रकला चालू राहणार होती. छकुलीने नेमकी तेव्हाच माझी वेणी ओढली. मावशींनी मान माझ्याकडे वळवली आणि विचारले, “कुनाला बोलवत्यात गं?”

“ताईला.”

“आनि ही बसलीया?” उजव्या डोळ्यावरच्या पट्टीमुळे त्यांनी सगळी मान दुसरीकडे वळवली आणि ताईला कोपराने ढोसले. आवाज हळू ठेवण्याची त्यांना सवय नव्हती. पुढच्या दोन ओळींनी ऐकले. “ऊठ की. मास्तर कवाधरनं हाका मारतोय. मानसं वाट बघत्यात.”

ताई उठली. पदर सारखा करून म्हणाली, “हजर.”

“सध्या?” सरांनी विचारले.

“सध्या काही नाही,” ताई म्हणाली. मग तिने जोडले, “गणित अजून येतं.”

खुर्च्यांमध्ये एक-दोघे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी कॅटलॉगमधून मान वर केली आणि भर सभेत सांगितले, “उद्या दहावीचा पहिला तास गणिताचा आहे. शिक्षक नाही. ये.” आणि पुढचे नाव पुकारले. ताई खाली बसली. मावशींनी मला विचारले की बक्षीस कधी देणार. मी म्हटले, बक्षीस नाही मावशी, नोकरीचं म्हणताहेत. जेवणात शेंगापोळी होती. त्यांनी ती आवडीने खाल्ली आणि तूप कमी पडल्याचे वाढणाऱ्याला सांगितले.

संध्याकाळी भावजी मंद्रूपहून आले. ते आपल्या आईला भेटायला आणि पट्टी कधी निघणार ते विचारायला आले होते. नोकरीची बातमी त्यांना आमच्या ओसरीवर कळली. ते रागावले नाहीत. ते व्यवहारी माणूस होते, त्यांनी अडचणी मांडल्या. रोज एस.टी.ने येणे-जाणे कसे जमणार, छकुलीला कोण पाहणार, दुकानात बसायला लागते तेव्हा घरात कोण. प्रत्येक प्रश्न रास्त होता. वडील खाली पाहत राहिले, आई स्वयंपाकघरात गेली. ताई म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं.” मला वाटले, संपले. तेवढ्यात वीज गेली, माग थांबले, आणि खाटेवरून मावशींचा आवाज आला तो साऱ्या घराला फार मोठा वाटला.

“बाबू, ती चार मानसांत हजर म्हनलीया. उद्या मास्तर पुन्ना नाव घेनार. मंग काय, गैरहजर सांगायचं? सुनंनं शब्द दिला आनि घरानं मोडला, असं आपल्याकडं न्हाय.”

भावजी म्हणाले, “आई, पण पोरीचं काय?”

“माझा डोळा बांधलाय, हात न्हाय बांधलं. बगते की मी.” मग त्या म्हणाल्या, “परीक्षा हुस्तवर. फुडचं फुडं बगू.”

ताई दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गावर आली. फळ्याकडे पाठ न करता तिने पहिले समीकरण लिहिले. मी पहिल्या बाकावर होते आणि तिला बाई म्हणायचे की ताई, हे मला कळत नव्हते. मी तो संपूर्ण तास काहीच म्हटले नाही. परीक्षेपर्यंत मावशी आमच्याकडेच राहिल्या. पट्टी निघाली, छकुली त्यांच्या अंगाखांद्यावर चालायला शिकली. पुढे ताई मंद्रूपहून एस.टी.ने येऊ लागली, मग बी.एड. झाली, कायम झाली, आणि निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत शिकवत राहिली. शाळा तिला मालतीबाई म्हणाली आणि मंद्रूप सुमन. दोन्हींना ती सारख्याच सहजतेने ओ देई. पुस्तिकेत आपले नाव कसे छापायचे असे मी तिला यंदा विचारले तेव्हा तिने दोन्ही छाप म्हणून सांगितले, तीन ओळींत बसत असेल तर.

आता प्रश्नाकडे येते. वडिलांची खूण हे खरे नाही, ते मी वर दाखवले. सगळे आधी ठरले होते, हेही खरे नाही. हेडसरांच्या मनात काही असावे, हे उघड आहे. पण ताईला केवळ ये म्हटले होते, आणि दोन हाकांनंतर ते नियमाप्रमाणे पुढे जाणारच होते. म्हणजे हेडसरांमुळे, हे उत्तर अर्धवट होते. राहिल्या मावशी. मी हे उत्तर बरीच वर्षे निश्चित धरून चालले होते. एकदा मंद्रूपला गेले असता त्या ओट्यावर सुपात ज्वारी निवडत होत्या. मी त्यांच्याजवळ बसून विचारले की मावशी, त्या दिवशी नोकरीचे असेल असे तुम्हाला वाटले होते का.

“कुटलं वाटतंय? मला वाटलं बक्षीस देत्यात. पोरगी हुशार, मिळत आसंल.” सूप हलवत त्या पुढे म्हणाल्या, “आनि मी न्हाय उठवली तिला. तू पोरीत गुतली व्हतीस, तुला दिसलं न्हाय. मी वळून बगितलं तवा तिनं पाय जवळ घेतलं व्हतं, हात भुईला टेकला व्हता. ती उठायचीच व्हती. मी नुसतं ढोसलं.”

ताई शाळेतून परतल्यावर मी हे तिला सांगितले. ती ठाम म्हणाली की छे, मी उठणार नव्हते. आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, कोपर लागले म्हणून उठले. मावशी आता नाहीत. ताई आहे, आणि आजही ती आपले म्हणणे बदलत नाही. दोघींपैकी कोणी खोटे बोलणारी नव्हती. प्रत्येकीने त्या उठण्याचे श्रेय दुसरीला दिले आणि दोघींपैकी कोणीच ते परत घेतले नाही.

माझे उत्तर मी शेवंताबाईंच्या बाजूने लिहिते आहे, कारण कोपर मी पाहिले आणि शब्द मी ऐकले. पण त्याआधीचा क्षण माझ्या नजरेतून निसटला होता, हेही लिहिणे भाग आहे. त्या दिवशी सतरंजीवर आमच्या मागच्या ओळीत बसलेल्या बायकांपैकी काही जणी अजून सोलापुरात आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचले, किंवा वाचणाऱ्यांपैकी कोणाची आई-मावशी तिथे होती, तर कृपा करून नीट विचारून पाहावे की कोपर आधी लागले, की मालूताईने हात आधी जमिनीला टेकला होता. माझे लिहिलेले तसेच खरे मानू नये, तपासून घ्यावे.